साजगावचा स्क्वॉड लीडर

२ नोव्हेंबर, रविवार

कंपनीने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. दहा महिने कोरे गेले. हरकत नाही, मोठ्या माणसांची सुरुवात उशिराच होते. ही डायरी फक्त माझ्यासाठी. वनिताने हात लावायचा नाही. तिला तसं सांगितलेलं नाही. सांगितलं की हमखास लावेल. बायको आहे.

विषय : नेतृत्व. साजगावच्या कारखान्यात मी प्रेस शॉपचा लाइन लीडर, बारा माणसं हाताखाली. फोनवरच्या लढाईच्या गेममध्ये स्क्वॉड लीडर, तीन माणसं हाताखाली. बारांना सांभाळणं सोपं, मशीन सोडून जातील कुठे? तिघांना सांभाळायला डोकं लागतं. ते माझ्याकडे आहे.

२३ तारखेला कर्जतला स्पर्धा. सोळा स्क्वॉड, त्यात आम्ही. काल सराव केला, सात मिनिटांत चौघेही मेलो. पहिला मी. कारण उघड आहे. लीडर पुढे असतो.

उद्यापासून हुकूम छोटा. आरडाओरडा बंद. आणि पडलेल्या गड्याला आधी उठवायचं, मग गोळीबार. या गेममध्ये गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही. अर्धा मिनिट पडून राहतो. कोणी शेजारी बसून उचललं तर जगतो. हे माझ्या लोकांना कळत नाही, हेच दुखणं आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गेममधल्या जागांची नावं परदेशी, कुणाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून मी नकाशा बदलला. चौक म्हणजे शिळफाटा. गोदामं म्हणजे साजगाव. डोंगर म्हणजे माथेरान. स्टेशन म्हणजे नेरळ. असं डोकं लागतं.

सगळ्यांना तोंडपाठ करायला सांगितलं. दीप्तीने वाद घातला. ही माझी मावसबहीण, नेरळला बिल्डरच्या ऑफिसात आहे, दुपारी सॅम्पल फ्लॅटच्या गादीवर बसून खेळते. म्हणाली, दादा, नेरळमध्ये इतके मुडदे पडत नाहीत रे. मी म्हणालो, शिस्त.

लढाईत मी हुकूम दिला, साजगावला या. रूपेशने विचारलं, कुठल्या गेटला? रूपेश कंपनीचा टेंपो चालवतो आणि टेंपोतच बसून खेळतो. त्याला गेट सांगेपर्यंत मेलो. मग त्याला मालाचा फोन आला आणि स्क्रीनवर त्याचा सैनिक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. छ्या! याला फौज म्हणायचं?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज नवनाथने तीन शत्रू एकट्याने पाडले. नवनाथ माझ्याच लाइनवरचा, चार नंबर प्रेसचा ऑपरेटर. वय चोवीस, कॉन्ट्रॅक्टरकडे आहे. खालापूरच्या वर डोंगरात त्याची वाडी, तिथे रेंज नाही, म्हणून शिफ्ट सुटल्यावर कारखान्याच्या कट्ट्यावर माझ्याशेजारी बसून खेळतो. बोटं अशी चालतात की बघत राहावं. पण सांगून त्याचं डोकं चढवायचं नाही, हे नेतृत्वातलं पहिलं तत्त्व.

मी पडलो तेव्हा तो माथेरानवरून खाली धावत आला, मला उचललं आणि स्वतः पडला. त्याची चूक त्याला समजावली. जागा सोडायची नसते. तो म्हणाला, व्हय दादा.

दीप्ती मध्येच म्हणाली, दादा, तू पडलास की तो येतो. तो पडला की तू नकाशा बघत बसतोस.

नकाशा बघणं हेच तर लीडरचं काम! या मुलीला काय कळणार.

९ नोव्हेंबर, रविवार

मोरीचा नळ गळतोय. वनिता म्हणाली, कारखान्यात लीडर, फोनमध्ये लीडर, मग घरचा वायसर बदलायला पंतप्रधानांना बोलवू का? फोन घेऊन बाहेर गेलो. नेत्याने क्षुल्लक गोष्टीत शक्ती घालवू नये.

वायसर उद्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आपण का हरतो, याचं मूळ आज सापडलं. वेळ! कर्जतचे स्क्वॉड तीनला सरावाला बसतात. आमची शिफ्ट तीनला सुटते खरी, पण चार नंबर प्रेसचे बाराशे पीस पुरे व्हायला साडेतीन-पावणेचार होतात. तोवर दीप्तीकडे गिऱ्हाईक येतं, रूपेशचा टेंपो भरतो. सराव बोंबलतो.

बाराशे पीस अडीचला झाले पाहिजेत. कसे? सोपं आहे. प्रेसला दोन हिरवी बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा साचा खाली येतो, म्हणजे दोन्ही हात बटणांवर, आत कुणाचा हात नाही. पण एक बटण सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी बांधून कायमचं दाबून ठेवलं तर एक हात मोकळा होतो. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने पत्रा. सगळ्या शॉपमध्ये गर्दीच्या दिवसांत बांधतात. साहेब लोक त्या वेळी नेमके दुसरीकडे बघतात.

नवनाथला सांगितलं, पट्टी बांध. त्याने साच्याकडे बघितलं. म्हणाला, दादा, हात आत ऱ्हातो. नको वाटतं. मी म्हणालो, अरे मी मागे उभा आहे ना. लीडर कशाला असतो?

बांधली त्याने. मुलगा शब्दाबाहेर नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बाराशे पीस, दोन पंचवीसला!! तीनला सराव सुरू. सोळा मिनिटं टिकलो. चौथा नंबर. नवनाथने मला तीनदा उचललं. साहेबांनीही आकडा बघून शाबास म्हटलं, मला. आज पहिल्यांदा वाटलं की कारखाना आणि रणांगण यात फरक नाही. नियोजन एकच.

घरी येताना पेढे घेणार होतो. २३ तारखेलाच घेऊ, मोठा डबा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सराव नाही.

नवनाथच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याजवळचं आणि मधलं. दीड वाजता.

मी मागे नव्हतो. संडासाच्या बाजूला रेंज येते, तिथे गेलो होतो. स्पर्धेच्या फॉर्मवर स्क्वॉडचं चिन्ह टाकायचं होतं, वाघ की गरुड. दोन मिनिटांचं काम. ओरडणं ऐकलं तेव्हा वाटलं कुणाचातरी फोन वाजतोय.

रूपेश माल भरायला आला होता, त्यानेच टेंपोतून खोपोलीला दवाखान्यात नेलं. मी शॉपमध्ये थांबलो. सगळे गेल्यावर पट्टी सोडवून खिशात घातली. जागा साफ ठेवणं लीडरचंच काम आहे.

जेवलो नाही. वनिताने विचारलं. म्हणालो, पित्त.

१५ नोव्हेंबर, शनिवार

साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. बटण बांधलेलं होतं का, कुणी बांधलं, कुणाच्या सांगण्यावरून, असा लेखी रिपोर्ट लाइन लीडरने २९ तारखेपर्यंत द्यायचा. त्यांनी स्पष्टच सांगितलं. पोराने आपल्या मनाने बांधलं असेल तर कॉन्ट्रॅक्टर त्याला कामावरून बंद करणार, त्यात कंपनी पडणार नाही. वरून हुकूम असेल तर हुकूम देणाऱ्यावर कारवाई, आणि पोराला स्टोअरमध्ये हलकं काम, कायमचं.

म्हणजे नवनाथची नोकरी माझ्या दोन ओळींवर आहे.

सांगायचं तर आहेच. खरं ते खरं. पण प्रत्येक हल्ल्याला वेळ असते. आधी स्पर्धा. डोकं मोकळं झाल्यावर नीट शब्दांत लिहू. घाईत लिहिलं तर नवनाथचंच नुकसान व्हायचं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दवाखान्यात गेलो. दोन सफरचंदं नेली. नवनाथचा हात पांढऱ्या गोळ्यासारखा बांधलेला. मला बघून उठायला गेला. म्हणाला, दादा, स्पर्धेचं काय? मी डाव्या हातानं खेळंन, फोन मांडीवर ठेवून. मी म्हणालो, तू आराम कर, तुझ्या जागी माणूस बघतो. त्याने फोन उशीखाली सरकवला. समजूतदार आहे.

सोमी, त्याची बायको, खाटेच्या पायाशी बसलेली. लग्नाला वर्ष नाही झालं. तिने एवढंच विचारलं, कामावर ठेवतील ना ह्यांना?

मी म्हणालो, मी आहे ना.

बाहेर आल्यावर जिन्यात थोडा वेळ बसलो. पाय दुखत होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नवनाथच्या जागी पोपट. तपासणी विभागातला, वय अठ्ठेचाळीस, चष्मा. दुसरा कोणी यायला तयार नाही. प्रेस शॉपमधले मी बोलायला गेलो की मशीन चालू करतात. पोपटने पहिल्या लढाईत रूपेशला गोळी घातली. दुसरीत परत रूपेशलाच. म्हणाला, साहेब, सगळे सारखेच दिसतात हो.

दीप्तीचा फोन आला. रूपेशने तिला सगळं सांगितलंय. पट्टी बांधायला मी सांगितलं तेव्हा हा रूपेश टेंपोचा फाळका लावत तिथेच उभा होता, मेला! ती म्हणाली, आधी साहेबांना सांग, मग मी खेळेन. मी म्हणालो, २३ झाली की लगेच. ती म्हणाली, शपथ घे. घेतली. आईची.

शपथ घेतली म्हणजे अर्धं काम झालंच.

रूपेशला विचारलं, तू साहेबांना काही बोललास का? म्हणाला, माज्यावर घर चालतं दादा, मी नाय मध्ये पडत. पण तुमी सांगाल ना?

वायसर राहिलाच आहे. खाली बादली लावली.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ

कर्जत. हॉलमध्ये खुर्च्या, पंखे, माइकवाला. आमच्या टेबलावर गरुडाचं चिन्ह. चांगलं दिसत होतं.

नवनाथ आला होता. शुक्रवारी दवाखान्यातून सोडलं, आज वाडीवरून चालत खाली उतरून दोन गाड्या बदलून आला. बांधलेला हात छातीशी धरून माझ्या खुर्चीमागे उभा. मी म्हणालो, कशाला आलास? तो म्हणाला, आपला स्क्वॉड हाय ना.

तीन फेऱ्या. पहिलीत सोळावा. दुसरीत सोळावा. पोपटने चष्मा पुसायला काढला तेवढ्यात मेलो.

तिसरीत रूपेश आणि पोपट गेले. दीप्ती माझ्यापासून दहा पावलांवर पडली. सरपटत होती. मी गोदामात, दाराआड. बाहेर गोळीबार. लीडर जिवंत राहिला तर नंबर वाढतो, हा साधा हिशेब. नवनाथ मागून वाकून हळूच म्हणाला, दादा, ती जवळच हाय. उचला तिला.

मी हललो नाही. त्याने परत सांगितलं. अर्धा मिनिट संपला.

चौदावा नंबर आला. म्हणजे दोन स्क्वॉड आमच्या मागे! पण दीप्तीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि कुणाशी न बोलता नेरळला निघून गेली. खिलाडूवृत्ती म्हणून काही असते.

नवनाथला बसस्टॉपवर सोडलं. वाटेत दोन पावलं मागेच चालत होता. त्याला थकवा असणार.

पेढे घेतले नाहीत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संविधान दिन. दरवर्षी विहारात उद्देशिका मीच वाचतो, आवाज चांगला आहे म्हणून. यंदा घसा बसला. न्याय या शब्दापाशी खोकला आला तो जाईना. शेवटी वनिताने माझ्या हातातून कागद घेऊन पुढचं वाचलं. बरं वाचलं तिने. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

येताना ती म्हणाली, तुमचं काय चाललंय? मी म्हणालो, हवा बदललीय.

रिपोर्टला तीन दिवस आहेत. आज कच्चा लिहिला. दीड पान. सगळं खरं. वाचून अंगावर काटा आला. माणूस असा असावा, असं वाटलं स्वतःबद्दल.

२९ नोव्हेंबर, शनिवार

रिपोर्ट दिला.

झालं असं की ऑफिसात छापील फॉर्म निघाला. ‘अपघाताचे कारण’ यापुढे दोनच ओळी. दीड पान दोन ओळींत बसतं का? बारीक अक्षरात लिहायचा प्रयत्न केला असता, पण साहेब समोर पेन वाजवत बसलेले. मग थोडक्यात लिहिलं : ऑपरेटरने सूचना नसताना सुरक्षा बटण बांधून ठेवले. सात शब्द. सही केली. फॉर्म बनवणाऱ्यांची चूक आहे ही. खरं लिहायला जागाच ठेवत नाहीत.

साहेबांनी वाचलं आणि ड्रॉवरमधून दुसरा कागद काढून शेजारी ठेवला. नवनाथचा जबाब. दवाखान्यातच घेतलेला, १६ तारखेला. बटण मी माझ्या मनाने बांधले, लीडरना माहीत नव्हते. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. दहावी पास मुलगा आहे. हजेरीपटावरची त्याची सही मी बघितलीय, वळणदार.

१६ तारीख. म्हणजे मी सफरचंदं घेऊन गेलो त्याच्या आदल्या दिवशी त्याने हे देऊन टाकलं होतं. आणि मला चकार शब्द बोलला नाही.

साहेब म्हणाले, दोघांचं जुळतंय, विषय संपला. एक तारखेपासून कॉन्ट्रॅक्टर बंद करेल त्याला. मग ड्रॉवर बंद केला. म्हणाले, तुम्ही वेगळं काही लिहिलं असतं तर ठेवला असता मी त्याला.

कच्चा रिपोर्ट खिशातच होता. काढला असता. पण साहेबांना मीटिंग होती, उठले ते.

२ डिसेंबर, मंगळवार

चार नंबर प्रेस बंद आहे. माणूस मिळत नाही.

गेम उघडला. दीप्ती स्क्वॉडमधून गेली. रूपेश गेला. पोपट अजून आहे, त्याला बाहेर कसं पडायचं ते सापडत नाही.

निश्चय : रविवारी वाडीवर जायचं. नवनाथला तोंडावर सांगायचं की सोमवारी मी साहेबांना लेखी देतो. रिपोर्ट बदलता येतो. कुठेतरी नियम असेलच.

७ डिसेंबर, रविवार

गेलो. खरंच गेलो. बाइकवर वाक्य पाठ केलं : नवनाथ, रबर मी बांधायला सांगितलं हे मी उद्या लेखी देणार. तीनदा मोठ्याने म्हटलं. मोळी घेऊन उतरणाऱ्या दोन बायका वाट सोडून बाजूला झाल्या.

हातपंपापुढे बाइक जात नाही. वर चालत गेलो. नवनाथ अंगणात पेंढा बांधत होता. डाव्या हाताने दोरी ओढायची, दातात धरायची, गाठ मारायची. गाठ सुटत होती. मला बघून हसला. बसायला घोंगडी टाकली. सोमीने कोरा चहा दिला.

वाक्य तयार होतं. जिभेवर होतं. आधी हवापाण्याचं बोललो. मग भाताचं. चहा गरम होता, म्हणून जरा थांबलो.

तेवढ्यात सोमीने समोर उभं राहून विचारलं, तुमीच सांगितलं हुतं ना ह्यांना रबर बांधायला?

नवनाथ मान वर न करता म्हणाला, गप गं. दादांना ठावं पण नव्हतं. ती म्हणाली, मी दादांना इचारते, तुमाला नाय.

पाठ केलेलं वाक्य सांगायला याहून चांगली वेळ कुठली? दार तिनेच उघडून दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, नाही.

तिने माझ्या हातातला कप घेतला. अर्धा चहा होता त्यात. आत गेली ती परत बाहेर आली नाही.

नवनाथ हातपंपापर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, दादा, साहेबांना इचारून बघा ना, स्टोअरला, झाडलोटीला, कायपण चालंल. तुमचा शब्द ऐकतात ते. मी म्हणालो, बघतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत आहे. त्याला हेही माहीत आहे की मी बघणार नाही. तरी बाइक वळवायला मागून हात लावला त्याने, चांगला हात.

आता घरी बसून लिहितोय. रबर मी बांधायला सांगितलं. तो नको म्हणाला होता. मी म्हणालो मी मागे उभा आहे, आणि मी नव्हतो. स्टोअरमधली जागा त्याची होती. ती माझ्या सात शब्दांनी गेली. फॉर्ममध्ये जागा भरपूर होती.

लिहून टाकलं.

हे पान ठेवून चालणार नाही. वनिता कपाट कधी आवरायला काढेल, नेम नाही. उद्या फाडतो.